चौथी जोडी

चौदा नंबरचा पेपर माझ्या सख्ख्या ताईचा होता. हे आधीच सांगून टाकतो. गोष्ट रंगवायची म्हणून ते शेवटपर्यंत दडवलं, तर तुम्ही म्हणाल, बिचाऱ्याला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं हे खरंच आहे. पण त्यामुळे माझी बाजू सावरत नाही, उलट आणखी घसरते, ते पुढे कळेलच.

आमची कंपनी लहान आहे, पंचवीस-तीस माणसांची. मालवाहतूक करणाऱ्यांसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहितो: कुठली गाडी कधी निघणार, कुठला ड्रायव्हर कुठे जाणार. दरवर्षी एक जागा आम्ही अशा माणसासाठी ठेवतो, ज्याच्या नोकरीत मोठा खंड पडलाय. वयाची अट पंचेचाळीसच्या आत. परीक्षा कागदावर, कॉम्प्युटरवर नाही. पेपरवर नाव नाही, फक्त नंबर. आणि तपासलेला पेपर, शेऱ्यांसकट, ज्याचा त्याला परत पाठवायचा. ही आमच्या साहेबांची हौस. "माणूस नापास झाला तरी काहीतरी शिकून जाऊ दे," असं ते म्हणतात.

दुसरी एक पद्धत आहे, ती साहेबांची नाही, आमची. पेपर तपासण्याच्या दिवशी चार वाजता चहाला सगळे जमतात आणि तपासणारा त्या दिवसाचा 'नमुना' वाचून दाखवतो. नमुना म्हणजे सगळ्यात हास्यास्पद उत्तर. हे मी सुरू केलं, सात वर्षांपूर्वी. माझी वाचण्याची ढब चांगली आहे असं सगळे म्हणतात.

या वर्षीचा मुख्य प्रश्न मीच काढला होता. बायनरी सर्च ट्री, म्हणजे आकड्यांचं एक झाड. मुळाशी एक आकडा; त्याहून लहान असतील ते डाव्या फांदीला, मोठे असतील ते उजव्या; आणि प्रत्येक फांदीवर पुन्हा तोच नियम. माझ्या झाडाच्या मुळाशी आठ होता. डावीकडे दोन, तीन, सहा, सात. उजवीकडे दहा, तेरा, चौदा, वीस. विचारलं होतं: या झाडातले कुठले दोन आकडे मिळून सोळा होतात? सगळ्या जोड्या शोधा, आणि कशा शोधल्या ते शब्दांत लिहा.

उत्तर चार जोड्या. दोन आणि चौदा, तीन आणि तेरा, सहा आणि दहा, आठ आणि आठ.

तुमच्यापैकी एखाद्याच्या कपाळावर आत्ताच आठी पडली असेल. माझ्या पडली नाही. कारण ते उत्तर मी काढलंच नव्हतं, माझ्या प्रोग्रॅमने काढून दिलं होतं, छापून, सुबक. ड्रायव्हरांच्या जोड्या लावायला मी दोन महिन्यांपूर्वी जो प्रोग्रॅम लिहिला, त्यातलाच हा तुकडा होता. एकेक आकडा घ्यायचा, सोळातून वजा करायचा, उरलेला झाडात आहे का बघायचं. असला की जोडी लिहायची. पहिलीच्या वर्गातली वजाबाकी. ती हाताने करून बघावी असं मला वाटलं नाही. वीस वर्षं प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला वजाबाकी तपासायची लाज वाटते.

मंगळवारी मी सव्वीस पेपर तपासले. चौदा नंबरने झाड नीट काढलं होतं, सगळं इंग्रजीत, कॅपिटल अक्षरांत, छापल्यासारखं. जोड्या तीनच. खाली जे लिहिलं होतं ते मराठीत असं: "एक बोट सगळ्यात लहान आकड्यावर ठेवायचं, एक सगळ्यात मोठ्यावर. बेरीज कमी पडली तर लहानाकडचं बोट एक घर पुढे. जास्त झाली तर मोठ्याकडचं एक घर मागे. दोन्ही बोटं एकाच आकड्यावर भेटली की थांबायचं. आठ एकच आहे, तो दोनदा घेता येणार नाही."

मी लाल पेनाने लिहिलं: "मूळच सोडलंत. चौथी जोडी कुठे? पाया कच्चा आहे." आणि दहापैकी दोन दिले.

चार वाजता मी चहाचा कप एका हातात आणि तो पेपर दुसऱ्या हातात घेऊन उभा राहिलो. "एक बोट इथे," मी कपातच बोट बुडवल्यासारखं केलं, "एक बोट तिथे. बालवाडीतून थेट आपल्याकडे आलेले दिसताहेत. आठ एकच आहे म्हणे! अहो, मग दुसरा आणा की बाजारातून!" सगळे हसले. एकीच्या नाकातून चहा आला. फक्त टाचणी हसली नाही. टाचणी म्हणजे आमच्याकडची सगळ्यात नवी मुलगी. सारखी टोचते म्हणून हे नाव मीच ठेवलंय. ती माझ्या हातातला कागद बघत होती. तिने तोंड उघडलं, पण तेवढ्यात साहेब आले आणि चहा संपला.

आता ताईबद्दल सांगायला हवं.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मी शाळेत जायच्या आधी तिनेच मला आकडे शिकवले. जुन्या खोक्यांचे चौकोनी तुकडे कापून त्यांवर आकडे लिहायची आणि जमिनीवर ओळीने मांडायची. मग म्हणायची, "छोट्या, सोळा कर." मी डाव्या टोकाला एक बोट ठेवायचो, उजव्या टोकाला दुसरं, आणि सरकत सरकत आत यायचो. दोन्ही बोटं एका तुकड्यावर आदळली की ती टाळी वाजवायची. खेळ संपला. हा खेळ मी किती वेळा खेळलो असेन याला गणती नाही. चौदा नंबरच्या पेपरात तो खेळ जसाच्या तसा लिहिलेला होता, आणि मी तो हातात धरून लोकांना हसवत होतो.

ती माझ्याहून हुशार होती. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी मिळून ते सोयीने विसरलं. ती ज्या कंपनीत होती तिथे तिच्या हाताखाली आठ माणसं होती. मग आईला अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हा मला बढती मिळाली होती आणि ताईला आई मिळाली. कोणी ठरवलं असं नाही. मी म्हणालो, "सध्या सहा महिने तू बघ, मग मी काहीतरी करतो." आई नऊ वर्षं अंथरुणात होती. मी दर शनिवारी दुपारी जेवायला जायचो, फळं घेऊन. आई गेल्याला आता दीड वर्ष झालं, आणि शनिवारचं जेवण तसंच सुरू राहिलं, फळांसकट.

ताई चव्वेचाळीस वर्षं आठ महिन्यांची आहे. म्हणजे आमच्या कंपनीची ही परीक्षा तिला या वर्षीच शेवटची देता येणार होती. मला तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी वशिला लावला असता, आणि ते तिला नको होतं.

गुरुवारी सकाळी मालवाहतूकवाल्यांच्या डेपोतून फोन आला. गाड्या सोडणारा माणूस बोलत होता.

"साहेब, लांबच्या फेरीला दोन ड्रायव्हर लागतात, बरोबर?"

"बरोबर. दोघांचे उरलेले तास मिळून सोळा भरले पाहिजेत."

"मग तुमच्या प्रोग्रॅमने आमच्या एकाच गड्याला दोन्ही सीटवर बसवलंय. आठ तास याचे, आठ तास याचेच. तो मघापासून फाटकाशी पिशवी घेऊन उभा आहे. विचारतोय, जोडीदार कुठाय? कागदावर बघितलं तर जोडीदाराच्या जागी त्याचंच नाव. म्हणतोय, गाडी मी चालवीन, पण मी झोपलो की कोण चालवणार?"

मागून दोघं-तिघं हसल्याचा आवाज आला. मी पण हसलो, हसायचं म्हणून. "तांत्रिक अडचण आहे," म्हणालो. "दहा मिनिटांत बघतो."

दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एकच जोडी उलटसुलट दोनदा लिहिली जाऊ नये म्हणून मी अट घातली होती: पहिला आकडा दुसऱ्याहून लहान असेल किंवा तेवढाच असेल, तरच लिही. ते 'किंवा तेवढाच' नको होतं. सोळातून आठ गेले, उरले आठ. आठ झाडात आहे का? आहे. तोच आहे, पण प्रोग्रॅमला काय त्याचं. दोन महिने निभावलं ते केवळ नशिबाने. बरोबर आठ तास उरलेला माणूस त्या दिवशी पहिल्यांदाच यादीत आला होता.

मी एक खूण पुसली आणि प्रोग्रॅम बरोबर झाला. मग खुर्चीत मागे टेकलो आणि माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

टाचणी शेजारच्या टेबलाशी होती. माझ्या पडद्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "सर, हे चौदा नंबरने लिहिलं होतं ना? आठ एकच आहे म्हणून."

"हं."

"मग तो पेपर..."

"बघू," मी म्हणालो. "पेपर कालच परत गेलेत."

खोटं नव्हतं ते. पेपर गेले होते. पण आम्ही झेरॉक्स ठेवतो, ते कपाटात होते, आणि कपाटाची किल्ली माझ्या खणात होती. पुढच्या फेरीला बोलवायच्या सहा जणांची यादी सोमवारी जाणार होती. म्हणजे वेळही होता. मी गुरुवारी कपाट उघडलं नाही. शुक्रवारी किल्ली हातात घेतली, आणि परत ठेवली. साहेबांना काय सांगू? सात वर्षं दुसऱ्यांच्या चुका वाचून दाखवणाऱ्याने स्वतःची चूक कुठल्या तोंडाने वाचायची? शिवाय, मी स्वतःला समजावलं, एका प्रश्नाने कोणाचं काय अडतंय. असेल कोणी चौदा नंबर. दुसरीकडे मिळेल त्याला.

हे वाक्य मी मनात जसंच्या तसं म्हटलं होतं. म्हणून इथे लिहिलं.

शनिवारी फळं घेऊन गेलो. ताईने दार उघडलं आणि म्हणाली, "ये, जरा पसारा आहे." जेवणाच्या टेबलावर कागदच कागद होते. पाठकोरे, जुन्या बिलांच्या मागचे, कॅलेंडरची फाडलेली पानं. प्रत्येकावर तेच झाड. मुळाशी आठ. डावीकडे दोन, तीन, सहा, सात. कुठे बाण काढलेले, कुठे आकडे गोलात, कुठे पूर्ण झाड खोडून शेजारी नवीन. पन्नासेक झाडं तरी असतील. आणि मधोमध, पाण्याच्या तांब्याखाली दाबून ठेवलेला, लाल शाईचा तो पेपर.

माझ्या हातातली पिशवी मी खाली ठेवली की पडली, आठवत नाही. एक फळ घरंगळत कपाटाखाली गेलं.

"बस," ताई म्हणाली. "तुला विचारायचंच होतं. दोन दिवस झाले, चौथी जोडी काही सापडत नाही मला. झाड उलटं काढून बघितलं. फांद्यांवरून वेगवेगळ्या रस्त्यांनी गेले. बोटांची रीत सोडून दिली, पुस्तकातली वापरली. तरी तीनच. कुठे चुकते ते सांग. पुढच्या वर्षी मला बसता येणार नाही, पण निदान कळू दे तरी."

"ताई," मी म्हणालो, "तू... आमच्याकडे... मला बोलली का नाहीस?"

"आता बोलतेय की. चौथी जोडी कुठली?"

मी त्या कागदांकडे बघत राहिलो. एका कोपऱ्यात तिने स्वतःलाच लिहिलं होतं: पाया कच्चा, पहिल्यापासून वाच. आणि तिच्या खुर्चीशेजारी खरंच पहिल्यापासूनची पुस्तकं रचून ठेवली होती.

"चौथी नाहीच," मी म्हणालो. "तीनच आहेत. तुझं बरोबर होतं. आठ एकच आहे."

 तिने तांब्या उचलला, पेपर बाहेर काढला, शेऱ्यावरून बोट फिरवलं.

"तपासणाऱ्याने नीट बघितलं नाही," मी घाईघाईने म्हणालो. "उत्तर प्रोग्रॅमने काढलं होतं, त्यात चूक होती. तू तेव्हाच भांडायला हवं होतंस. फोन करायचा होतास ऑफिसात."

"भांडणारच होते," ताई म्हणाली. "पाकीट फोडलं आणि डोकंच फिरलं माझं. फोनपण हातात घेतला होता. मग अक्षर बघितलं." तिने पेपर माझ्यापुढे सरकवला. "हे अक्षर वळवायला मी दोन वर्षं तुझा हात धरून बसले होते, छोट्या. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर भांडले असते. म्हटलं, हा म्हणतोय म्हणजे माझंच चुकलं असणार."

मला तेव्हा रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. तिच्या डोळ्यांत बघता येईना. त्या नऊ वर्षांबद्दल आजवर कधी नीट लाज वाटली नव्हती, ती सगळी एकदम त्या टेबलाशी आली. ती म्हणाली असती, तू आईला बघितलं नाहीस, तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. तशी उत्तरं माझ्याकडे तयार होती. पण ती फक्त जोडीबद्दल बोलत होती.

"मी दुरुस्त करतो," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता साहेबांना फोन करतो. तुझं नाव यादीत येईल. मी बघतो सगळं."

"थांब. चूक कधी कळली तुला?"

"डेपोतून फोन आला होता. तिथेही असंच झालं होतं."

"कधी?"

"गुरुवारी."

"आज शनिवार," ताई म्हणाली.

स्वयंपाकघरात गॅसवर काहीतरी उतू गेलं. ती उठली, गॅस बंद केला आणि तिथूनच विचारलं, "आणखी कोणी तीनच जोड्या लिहिल्या होत्या?"

"असतील. बघावं लागेल."

"म्हणजे बघितलंच नाहीस अजून." ती बाहेर आली. पदराला हात पुसत होती. "हे बघ. मला घरात बसून काही सांगू नकोस. बाकीच्यांना जसं सांगशील तसं मला सांग, ऑफिसातून, त्यांच्या रांगेत. तुझी बहीण म्हणून मला एक गुण नको. आणि आता जेव. गार होतंय."

मी जेवलो. त्या घरात न जेवता उठायची सोय नाही. घास गिळताना समोर पन्नास झाडं होती.

सोमवारी सकाळी मी साहेबांना सगळं सांगितलं. चौदा नंबर माझी बहीण आहे हेही. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "यादी थांबवतो. बहिणीच्या मुलाखतीला तू बसायचं नाहीस. फोन मात्र तूच करायचेस." मग मी कपाट उघडून झेरॉक्स काढले. तीनच जोड्या लिहिणारे पाच जण निघाले: तीन, नऊ, चौदा, सतरा, बावीस. बाकीच्यांना चौथी जोडी सुचली होती, माझ्या प्रोग्रॅमसारखीच. बावीस नंबरने समासात लिहिलं होतं, "आठ+आठ चालेल का? बहुतेक नाही." त्यावर मी लाल शाईत मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

तीन नंबरला फोन लावला. सांगितलं, तपासताना चूक झाली, तुमचं उत्तर बरोबर आहे, नवे गुण असे असे, यादी नव्याने लागेल.  ते गृहस्थ म्हणाले, "कोणी तपासला होता हो पेपर?"

"आमच्याकडच्याच एकाने," मी म्हणालो.

नऊ नंबर एक बाई होत्या. मागे लहान मूल ओरडत होतं. त्यांनीही तेच विचारलं, मीही तेच सांगितलं. टाचणी टेबलाशी काम करत होती. तिने मान वर केली नाही, पण तिची बोटं थांबली होती.

मग चौदा.

"नमस्कार," मी म्हणालो. "चौदा नंबरचे उमेदवार का?"

"हो, बोला."

तिचा आवाज ऑफिसातला होता. दहा वर्षांपूर्वी आठ माणसांशी ज्या आवाजात बोलायची, तो. मी पाठ केल्यासारखं सगळं म्हटलं. चूक झाली. तीनच जोड्या बरोबर. नवे गुण असे असे.

"आभारी आहे," ताई म्हणाली. "एक विचारू का? पेपर कोणी तपासला होता?"

समोर टाचणी होती. पलीकडे खिडकीपाशी मंगळवारी ज्यांना मी हसवलं होतं ते तिघं उभे होते, बोलणं थांबवून. आमच्याकडच्याच एकाने, हे शब्द जिभेवर तयार होते. दोनदा वापरून गुळगुळीत झाले होते.

"मी," मी म्हणालो. "मीच तपासला होता. चूक माझी होती. चहाच्या वेळी तुमचं उत्तर मोठ्याने वाचून मी सगळ्यांना हसवलंही होतं. आणि चूक कळल्यावर चार दिवस गप्प बसलो."

 हसवल्याचं तिला ठाऊक नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. आवाज जरा हलला होता. "बाकीच्यांनाही असंच सांगितलंत ना?"

माझ्या पुढ्यात यादी होती. तीन आणि नऊवर मी बरोबरची खूण करून ठेवली होती.

"नाही," मी म्हणालो.

"मग ठेवते. तुम्हाला अजून फोन करायचेत."

मी दोन्ही खुणा खोडल्या आणि तीन नंबरला पुन्हा फोन लावला.